नव्या ट्रॅक्टरचं काही काढून ठेवू नका

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

दसरा होऊन गेला. या पंधरवड्यात गावोगावी दारात नवे ट्रॅक्टर उभे राहिलेत. बोनेटवर झेंडूचा हार, हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली फोडलेलं लिंबू. घरातल्या बायांनी औक्षण केलेलं असतं, पोरं सीटवरून उतरायला तयार नसतात. माझं काम ट्रॅक्टर दुरुस्तीचं, सत्तावीस वर्षं झाली. त्यामुळं नवा ट्रॅक्टर आला की लोक मला हौसेनं दाखवायला बोलावतात, हातावर पेढा ठेवतात. मी पेढा घेतो आणि सरळ ट्रॅक्टरच्या मागं जातो. तिथं पीटीओचा दांडा असतो, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर मागचं यंत्र फिरवणारा दांडा, आणि त्याच्यावर कंपनीनं बसवलेलं कव्हर. त्या दिवशी ते जागेवर असतं. महिन्यानं त्याच घरी गेलो, तर कव्हर गोठ्याच्या खुंटीला टांगलेलं दिसतं.

आज मला त्या खुंटीबद्दल बोलायचंय.

२००३ सालची गोष्ट आहे. मार्च महिना, आमच्या खळ्यावर ज्वारीची मळणी चालली होती. ट्रॅक्टर मागं लावलेला, पीटीओपासून यंत्रापर्यंत जाणाऱ्या जोडशाफ्टवर मळणीयंत्र फिरत होतं. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पलीकडचं रिकामं पोतं घ्यायला निघाले. सगळे करतात तेच त्यांनी केलं. वळसा न घालता फिरत्या शाफ्टवरून पाय टाकला. धोतराचा सोगा शाफ्टच्या पिनीला लागला. पुढं काय झालं ते बघायलासुद्धा वेळ मिळाला नाही. आप्पा वाचले, कारण अंगावरचं धोतर जुनं, विरलेलं होतं. ते टराटरा फाटून निघालं. नवं कोरं असतं तर माणूसच ओढला गेला असता. तरी उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

शाफ्टवरचं ते कव्हर मी काढलं होतं. ग्रीस मारताना हात नीट जात नाही म्हणून काढलं आणि परत बसवायचं राहून गेलं. हे मी कुणाला सहसा सांगत नाही. आज रेडिओवर सांगतोय, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी खुंटीला या घडीला ते कव्हर असणार.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्ट सहा सेंटिमीटर जाडीचा धरला तर एका फेऱ्यात साधारण १९ सेंटिमीटर कापड गुंडाळलं जातं, आणि एका सेकंदात पावणेदोन मीटरच्या जवळपास. साडीचा पदर, ओढणी, उपरणं, मफलर, पोराच्या शर्टाची बाही, यातलं काहीही असो, 'अरे' म्हणेपर्यंत खेळ संपतो. जवळ उभ्या माणसाला क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. आणि क्लचचंही ऐकून ठेवा. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ मात्र फिरतच राहतो. ट्रॅक्टर थांबला म्हणून शाफ्ट थांबला, असं धरून कुणी मागं वाकू नका. इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात टाकायची, शाफ्ट पूर्ण थांबलेला डोळ्यानं बघायचा, मगच हात घालायचा. माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरच्या पात्यांत पऱ्हाटी नाहीतर दोरी अडकली, तरी हाच क्रम. रोटाव्हेटर चालू असताना मागून चालत येणारं माणूस नको. पोरं तर त्या वावरातसुद्धा नकोत.

खळ्यावरच्या माउल्यांना वेगळं सांगतो. मळणीयंत्रात पेंढी सारायला बहुतेक तुम्हीच उभ्या असता. पदर खोचून त्यावर बाह्यांचा शर्ट चढवा आणि बटणं लावा. बऱ्याच जणी घालतात, ते फार चांगलं आहे. हातातल्या काचेच्या बांगड्या आणि मोकळी वेणी, यांचीही काळजी घ्या. आणि कव्हर दिसलं नाही तर ट्रॅक्टरवाल्याला सांगा, आधी कव्हर बसव, मग पेंढी सारू.

आता दुसरी वस्तू. ट्रॅक्टरला उजव्या आणि डाव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, दोन पेडलं असतात. वावरात तासाच्या टोकाला गर्रकन वळायचं तर एकच दाबावं लागतं, त्यासाठी ती सोय आहे. दोन्ही पेडलं जोडायला एक छोटी पट्टी दिलेली असते. डांबरी रस्त्यावर चाक लागण्याआधी ती पट्टी टाकलीच पाहिजे. नाही टाकली आणि वेगात एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर त्या बाजूला असा फिरतो की मागची ट्रॉली त्याच्यावरच येते. ही पट्टी काढून फेकलेले ट्रॅक्टर मी कितीतरी पाहिलेत. विचारलं तर सांगतात, 'सारखं काढा-घाला कोण करणार?'

तिसरी वस्तू डोळ्यांना दिसत नाही. गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय किंवा क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होऊ नये, अशी त्यात एक कळ असते. बॅटरी उतरते, स्टार्टर नखरे करतो, मग कुणीतरी खाली उभं राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पाना टेकवतं. ट्रॅक्टर चालू होतो खरा. पण गिअरमध्ये राहिला असेल तर तो तिथूनच चालायला लागतो, आणि मोठ्या चाकाच्या पुढं तोच माणूस उभा असतो. चांगले वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेले लोक असे गेलेत. सीटवर बसल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करायचा नाही. बिघाड असेल तर मेकॅनिकला बोलवा, एक दिवस काम खोळंबलं तर खोळंबू द्या.

तुमच्या ट्रॅक्टरला सीटमागं लोखंडी कमान आणि पट्टा आला असेल, तर ती कमान झाडाच्या फांद्यांना लागते म्हणून कापू नका. ट्रॅक्टर उलटला तर चालकासाठी तेवढीच जागा शिल्लक राहते. पट्टा लावायचा तो कमान उभी असतानाच.

काढून ठेवतात तशी माणसं लावतातही पुष्कळ. मडगार्डवर गाद्या शिवून घेतात, दोघं-तिघं बसावेत म्हणून. ट्रॅक्टरला सीट एकच असते, नोंदणीतही एकच. मडगार्डवरचा माणूस बांधावरच्या एका हिसक्यानं खाली येतो, आणि खाली येतो तो मागच्या चाकापुढं. बहुतेक वेळा तो घरचाच असतो. बापाच्या शेजारी हौसेनं बसलेलं पोर असतं. वाईट घडलंच तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते, कारण त्या जागेवर माणूस धरलेलाच नसतो. आणि पोरगं चौदा-पंधराचं झालं की त्याच्या हातात स्टिअरिंग देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९-अ कलम आलंय. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. कायदा बाजूला ठेवला तरी त्या वयाच्या मुलाला चढावर भरली ट्रॉली मागं यायला लागली तर काय करायचं, हे सुचत नाही.

४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात ट्रॉलीसकट ट्रॅक्टर विहिरीत गेला आणि सात शेतमजूर बाया त्यात गेल्या. सकाळी कामाला निघालेल्या घरादारातल्या लेकी-सुना होत्या त्या. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक विचारतो: तुमच्या वावरातल्या विहिरीला कठडा आहे का, आणि वाट तिच्यापासून किती लांबून जाते? मजुरांना शक्य असेल तिथं दुसऱ्या वाहनानं न्या, नाहीतर चालत जाऊ द्या. ट्रॉली मालासाठी आहे. कठड्याचा खर्च ट्रॅक्टरच्या एका हप्त्यापुढं फार मोठा नाही. पावसानं चिखल झालेल्या काठावरून वाट काढलीच असेल, तर ती यंदाच हलवा.

आता यंत्राच्या जिवाबद्दल. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि लायनर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो ती, एकमेकांत बसायला वेळ लागतो. पहिले ५० तास त्यासाठी असतात. तास म्हणजे मीटरवरचे, दिवस मोजू नका. या काळात मध्यम काम द्या. काळ्या, वाळलेल्या रानात पल्टी नांगर पहिल्याच दिवशी पूर्ण खोलीला लावला की इंजिन धापा टाकतं. उलट, नवा आहे म्हणून झाडाखाली तासन् तास नुसता घुरघुरत ठेवणंही वाईटच, रिंगा बसत नाहीत. या ५० तासांत ऑइलमध्ये धातूची बारीक पूड उतरते. म्हणून पहिली सर्व्हिस लवकर असते. 'ऑइल अजून चांगलं दिसतंय' म्हणून ती चुकवणारे लोक पुढं दोन-तीन वर्षांनी माझ्याकडं येतात, आणि मग बिल मोठं होतं. तुमच्या मॉडेलचे नेमके तास पुस्तिकेत छापलेले असतात. पुस्तिका मराठीत मागून घ्या. ती देव्हाऱ्याशेजारी ठेवतात, पण उघडत नाहीत.

पहिल्या दिवसाचं काम संपलं की चाकांचे नट पान्यानं ओढून बघा. नव्या चाकाचे नट थोडे बसतात, सैल होतात. नंतर अधूनमधून बघत राहा.

रोज सकाळी इंजिन गार असताना, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून पाच मिनिटं द्या. ऑइलची काडी पुसून बघा. रेडिएटरचं पाणी बघा, पण गरम असताना त्याचं झाकण कधी उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. रेडिएटरच्या पुढची जाळी भुशानं बुजली असेल तर साफ करा. मळणीच्या दिवसांत दुपारीसुद्धा करावी लागते.

आणि एअर क्लीनर. इथं मी थोडा थांबतो, कारण आपल्याकडची सगळ्यात जास्त इंजिनं धुळीनं मरतात. ऑइलच्या वाटीचा क्लीनर असेल तर वाटी उघडून बघा, तळाला गाळ बसला असेल तर ऑइल बदला, खुणेच्या वर भरू नका. कोरड्या फिल्टरचा असेल तर तो बोनेटवर आपटू नका, त्याचा कागद फाटतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीतून धूळ आत गेली की ती लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. काळा धूर, ऑइल खाणं, ताकद उतरणं, या सगळ्याची सुरुवात तिथं असते. क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप आणि त्याची क्लिप हातानं दाबून बघा. रोज.

डिझेल संध्याकाळी भरून ठेवा. टाकी अर्धी रिकामी राहिली तर रात्रीच्या गारठ्यात आत पाणी सुटतं. क्लचवर पाय टेकवून चालवू नका, प्लेट उगाच जळते.

आता ऊस. येत्या काही दिवसांत कारखाने पेटतील आणि रात्रीच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागेल. ट्रॅक्टर आहे दोन टनांच्या आसपासचा, आणि मागं आठ-दहा टनांची भरलेली ट्रॉली. कुणी दोन जोडतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून घाट उतरणं म्हणजे ब्रेकच्या भरवशावर सगळं सोडणं, आणि तापलेला ब्रेक लागत नाही. ट्रॉली कायम खालच्या ड्रॉबारच्या हुकालाच लावा, पिनीला चावी आणि वरून साखळी. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या दांड्याच्या, जागी किंवा उंचावर कुठंही ओढ लावली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं पडतो. चिखलात रुतल्यावर मागच्या चाकाला लाकूड बांधून काढतात, तेही हेच. चाक फिरू शकत नाही, तेव्हा इंजिन सगळ्या ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवतं. खाली उतरा, खोदा, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरनं पुढून ओढून घ्या.

अंधारात उभी, दिवा नसलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. उसाचे वाढे लोंबून रिफ्लेक्टर झाकला जातो, म्हणून भरून झाल्यावर पाच पावलं मागं जाऊन स्वतः बघा, लाल पट्टी दिसते का. रस्त्यात टायर फुटला तर ट्रॉली कडेला घ्या, मागं बऱ्याच अंतरावर काहीतरी चमकणारं ठेवा. रस्त्यावर आडवे ठेवलेले दगड नंतर उचलायला विसरू नका. गाण्यांचा आवाज एवढा ठेवा की मागच्याचा हॉर्न कानावर येईल. भरल्या उसाच्या वर कुणी चढलेलं नको, विजेच्या तारा गावाजवळ फार खाली आलेल्या असतात.

आप्पा आता थकलेत. कुबडी घेऊन ओट्यावर बसतात. मागल्या महिन्यात आमच्या पुतण्यानं ट्रॅक्टर घेतला. सगळे पूजेत होते, तेव्हा आप्पांनी त्याला जवळ बोलावून विचारलं, 'कव्हर आहे का रे?' तो म्हणाला, आहे. आप्पा म्हणाले, 'मला दाखव.' कुबडी टेकवत ते स्वतः मागं जाऊन बघून आले.

तुमचं कव्हर खुंटीला असेल तर उद्या सकाळी उतरवा. चार बोल्ट असतात, पान्याचं दहा मिनिटांचं काम आहे. बोल्ट हरवले असतील तर जवळच्या गॅरेजमध्ये सहज मिळतील. ग्रीस मारायला हात जात नसेल तर शाफ्ट हातानं फिरवा, कव्हरच्या फटीतून ग्रीस भरायचा निप्पल वर येतो. मी तेव्हा शाफ्ट फिरवून पाहिला नव्हता.

राम राम.