दहा हजारांचा चेक आणि एका घरातली तीन स्वप्नं

नमस्कार मंडळी. आज बोलूया 'अ रेझिन इन द सन' या नाटकाबद्दल. लॉरेन हॅन्सबेरीचं हे नाटक ११ मार्च १९५९ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर आलं. कृष्णवर्णीय लेखिकेचं नाटक तिथे लागण्याची ती पहिलीच वेळ. नाव घेतलंय लँग्स्टन ह्यूजच्या कवितेतून. तिथे कवी विचारतो, लांबणीवर टाकलेल्या स्वप्नाचं पुढे होतं काय?

शिकागोच्या साउथ साइड भागातलं यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब. घर इतकं अपुरं की बाथरूम शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यायचं आणि लहानग्या ट्रॅव्हिसने बाहेरच्या खोलीत कोचावर झोपायचं. रात्री त्याच्या बापाचे, वॉल्टरचे मित्र धंद्याच्या गप्पा मारायला येऊन बसले की पोराला झोप नाही. यावरून सकाळी रूथ नवऱ्यावर करवादते. बापाच्या स्वप्नासाठी मुलाची झोप जातेय, हे हॅन्सबेरी पहिल्या काही मिनिटांत दाखवून देते.

(स्क्रीनवर: न्याहारीचं टेबल)

त्याच सकाळी ट्रॅव्हिस शाळेसाठी ५० सेंट मागतो. रूथ म्हणते, नाहीत. वॉल्टर खिशातून काढून देतो, वर आणखी ५० देतो. मग कामावर जायला निघतो आणि थोड्या वेळाने परत येऊन बसभाड्याचे पैसे बायकोकडेच मागतो! वॉल्टरला बेजबाबदार म्हणून मोकळं होणारे हा प्रसंग विसरतात. पस्तिशीतला हा माणूस दिवसभर दुसऱ्याची गाडी चालवतो. मुलापुढे तरी आपला हात रिकामा दिसू नये, एवढीच त्याची धडपड आहे. पण ती कमीपणा आणते रूथला, कारण 'नाही' म्हणणारी वाईट आई तीच ठरते. तो धंद्याचं काढतो, ती म्हणते अंडी खा. तिला कळत नाही असं अजिबात नाही. दिवसभर लोकांच्या घरची कामं करणाऱ्या बाईकडे स्वप्न ऐकायचं त्राण उरलेलं नसतं.

आता चेक. वॉल्टरचे वडील गेले, त्यांच्या विम्याचे १०,००० डॉलर यायचेत. वॉल्टरला दारूचं दुकान टाकायचंय, बहीण बेनिथाला डॉक्टर व्हायचंय, आईला घर हवंय. आई ३,५०० डॉलर घरासाठी भरते आणि उरलेले ६,५०० मुलाच्या हाती देते. त्यातले ३,००० बेनिथाच्या शिक्षणाचे म्हणून बजावते. वॉल्टर सगळेच धंद्यात घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पळतो.

मला वाटतं, या घरातल्या भांडणांचं मूळ घराबाहेर आहे. आईने घर घेतलं ते गोऱ्यांच्या वस्तीत. तिथून एक गृहस्थ येतो, अतिशय नम्रपणे बोलतो, आणि इथे येऊ नका, आम्ही जास्त पैसे देऊन घर परत घेतो म्हणतो. हे हॅन्सबेरीने घरीच पाहिलं होतं. तिच्या वडिलांनी शिकागोत अशाच वस्तीत घर घेतलं, तेव्हा जमाव चालून आला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण माणसांना अशा वस्त्यांबाहेर ठेवणारी व्यवस्था काही हाताला लागत नाही. हाताशी असतात बायको, बहीण, आई. मग राग निघतो त्यांच्यावरच.

पैसे बुडाल्यावर बेनिथा म्हणते, हा माझा भाऊच नाही. आई तिला झापते: माणसावर माया करायची खरी वेळ हीच, तो पार खचलेला असताना. मग वॉल्टर त्या गृहस्थाचे पैसे घ्यायला तयार होतो, तेव्हा आई एकच अट घालते. ट्रॅव्हिस इथेच थांबेल, बापाने काय ते त्याच्यासमोर करावं. आणि वॉल्टरच्या तोंडून नकार निघतो.

बुडालेले पैसे काही परत येत नाहीत. नव्या घरासाठी सगळ्यांना राबायचंच आहे. पण सामान निघतं तेव्हा वॉल्टर आणि बेनिथा पुन्हा तावातावाने भांडतायत आणि आता विषय आहे, तिने लग्न कोणाशी करायचं!