बाहेर पाऊस, तरी खिडकी उघडी

नमस्कार श्रोतेहो.

चिपळूणच्या आमच्या घरी पावसाची पहिली सर पत्र्यावर वाजली की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अगं, खिडक्या लावून घे!" आम्ही भावंडं धावत सुटायचो. खिडकी उघडी राहिली तर गादीला ओल धरायची, पापडांचा डबा मऊ पडायचा, मिठाला पाणी सुटायचं. पाऊस आला की खिडकी बंद, हे माझ्या हाताला इतकं सवयीचं झालंय की त्यासाठी विचार करावा लागत नाही.

आज मी बोलणार आहे ते ही सवय मोडण्याबद्दल. सगळीकडे नाही, एका विशिष्ट जागी. उत्तर इंग्लंड किंवा स्कॉटलंडच्या थंडीत, मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, झोपताना.

आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा, गेली काही वर्षं इंग्लंडच्या उत्तरेला राहतो. सहा मीटर लांबीचं एक जुनं मोटरहोम आम्ही घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या ग्लेन्कोला गेलो. दुपारी चारच्या आत अंधार, बाहेर चार अंश तापमान आणि पावसाची एकसारखी झिमझिम. आम्ही खिडक्या गच्च लावल्या. छतावरच्या झाकणातून गार झुळूक येत होती म्हणून तेही ओढून घट्ट केलं. संध्याकाळी कुकर लावला, वरणभात केला, ओले कोट दाराशी टांगले आणि दोन रजया घेऊन झोपलो.

पहाटे कपाळावर थेंब पडला तेव्हा मला वाटलं छत गळतंय. दिवा लावला. छत गळत नव्हतं, सगळी गाडीच आतून पाझरत होती. पुढच्या मोठ्या काचेवरून पाण्याच्या धारा डॅशबोर्डवर उतरत होत्या. मी फडकं पिळून पिळून भांड्यात पाणी जमा केलं, ते चहाच्या दोन कपांपेक्षा जास्त भरलं. घरी परतल्यावर गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळ्या बुरशीचे ठिपके. त्या वासाने मला थेट चिपळूणचा आषाढ आठवला, आणि मनापासून वाईट वाटलं, कारण ती गाडी आम्ही फार हौसेने घेतली होती.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगते, कारण तो समजला की बाकीचे उपाय आपोआप सुचतात.

थंड पाण्याने भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हवेत पाण्याची वाफ असतेच. गरम हवेत ती जास्त मावते, गार हवेत कमी. १८ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १५ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. तीच हवा शून्य अंशावर नेली तर पाच ग्रॅमही धरत नाही. हवा गार होत होत ज्या तापमानाला आणखी वाफ धरू शकत नाही, तो तिचा दवबिंदू. गाडीतली काच त्या दवबिंदूपेक्षा गार असेल तर तिच्यावर पाणी धरणारच, मग तुम्ही ती कितीही वेळा पुसा.

आता आमच्या गाडीचा हिशेब. फर्निचर वजा करता आत वीस घनमीटर हवा धरूया. ती सगळी मिळून १८ अंशांना ३०० ग्रॅम वाफ धरू शकते, त्याहून जास्त नाही. आणि झोपलेलं माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतं. दोन माणसं, आठ तासांची झोप, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या पुढे. तीनशेच्या भांड्यात सहाशे ओतले तर उरलेले कुठे जातील? काचेवर, गादीखाली, कपाटाच्या मागच्या गार भिंतीवर.

यात स्वयंपाक अजून धरलेलाच नाही. गॅस जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या प्राणवायूशी मिळतो आणि त्याचं पाणी होतं. एक किलो प्रोपेन जाळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात गाडीत येतं. मला हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो दोनदा करून पाहिला. तेव्हा ऊब हवी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं म्हणजे काचांना पाणी पाजणं. शिवाय त्यातून कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तो तर जिवावरचा. शेगडी स्वयंपाकापुरतीच. ऊब पाहिजे तर गाडीत बसवलेला हीटर, जो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. त्याची ऊब कोरडी असते.

आता खिडकीकडे येते. बाहेर चार अंश आहेत, पाऊस आहे, आर्द्रता शंभर टक्के आहे. आपलं कोकणी मन सांगतं, ही ओली हवा आत घ्यायची नाही. पण चार अंशांची ती पूर्ण ओली हवाही घनमीटरला सहा-साडेसहा ग्रॅमच वाफ घेऊन येते. आत येऊन ती १८ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर उतरते. म्हणजे पावसातून आत आलेली हवा गाडीतल्या हवेपेक्षा कितीतरी कोरडी असते. ती आत येते, आपल्या श्वासाची वाफ उचलते आणि वरच्या झाकणातून निघून जाते. जुलैमधल्या चिपळूणची गोष्ट वेगळी. तिथे २७ अंशांच्या हवेत घनमीटरला वीस ग्रॅमच्या वर वाफ असते. आई बरोबरच सांगत होती, तिच्या गावासाठी.

म्हणून आता आम्ही रात्री दोन जागा उघड्या ठेवतो. छतावरचं झाकण बोटभर वर, आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची एक खिडकी पहिल्या खाचेवर. मोटरहोमच्या बऱ्याच खिडक्यांच्या कडीला अशी खाच असते, खिडकी किंचित उघडी राहूनही अडकलेली राहते. एकच जागा उघडी ठेवून भागत नाही, हवेला यायला आणि जायला वेगळी वाट लागते. माझ्या हिशेबाने तासाला एकदा-दीडदा गाडीतली हवा बदलली तर दोन माणसांची वाफ निघून जाते. तेवढ्याला बोटभर फट पुरते. थोडी ऊब त्यातून जाते हे खरं, ती जाऊ द्यावी. हीटर रात्री अगदी बंद न करता बारा-तेरा अंशांवर मंद चालू ठेवला तर काच, भिंत, गादी सगळंच थोडं उबदार राहतं. मला तरी डिझेलचा तेवढा खर्च पटतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. गाडीच्या जमिनीत आणि छतात कायमची उघडी ठेवलेली छिद्रं असतात. त्यांतून गार झुळूक येते म्हणून काही जण त्यांत टॉवेल कोंबतात. असं कधीही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर जमिनीतल्या छिद्रातूनच बाहेर पडतो. वरच्या छिद्रांमुळे श्वासाला ताजी हवा मिळते. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक गाडीत हवाच.

आता काच. राहण्याच्या भागातल्या खिडक्या बहुधा अॅक्रिलिकच्या, म्हणजे एका पारदर्शक प्लास्टिकच्या, दुहेरी असतात. मध्ये हवेचा थर, त्यामुळे आतला पापुद्रा फार गार पडत नाही. खरा त्रास पुढे, ड्रायव्हरच्या काचेला. तिथे हवेच्या थराचा आडोसा नसतो. बाहेर चार आणि आत सोळा अंश असतील तर त्या काचेची आतली बाजू सात-आठ अंशांच्या आसपास राहते. माणसं झोपलेल्या बंद गाडीचा दवबिंदू सहज बारा-तेरा अंशांवर जातो. पाणी तिथेच का धरतं ते आता लक्षात आलं असेल.

तिच्यासाठी जाड थर्मल पडदे मिळतात, आतून लावायचे आणि बाहेरून लावायचे. आम्ही आधी आतले घेतले, स्वस्त आणि सोयीचे म्हणून. सकाळी पडदा काढला की त्याच्यामागची काच आणखीच ओली. कारण सोपं आहे. आतला पडदा गाडीची ऊब काचेपर्यंत पोचू देत नाही, म्हणून काच अधिक गार पडते, आणि वाफ मात्र कडेच्या फटींतून मागे शिरतेच. बाहेरचा पडदा म्हणजे काचेला घातलेली गोधडी. काच ऊबदार बाजूला राहते. तो लावायला पावसात बाहेर जावं लागतं, सकाळी ओला पडदा घडी करून पिशवीत कोंबावा लागतो, हे सगळं कंटाळवाणं आहे. तरीही पैसे खर्चायचेच असतील तर ते बाहेरच्या पडद्यावर खर्चा, असं माझं ठाम मत आहे.

थोडं पाणी तरीही येतंच. पुढच्या काचेच्या पायथ्याशी रात्री जुन्या सुती टॉवेलची वळकटी ठेवावी, म्हणजे ओघळ डॅशबोर्डच्या आत, वायरींपर्यंत उतरत नाहीत. सकाळी काच रबरी पट्टीने निपटावी. ही पट्टी अॅक्रिलिकवर मात्र नको, त्याला लगेच चरे पडतात, तिथे मऊ मायक्रोफायबरचं फडकं. काच पुसायचं अमोनियावालं द्रावणही अॅक्रिलिकला चालत नाही, त्यात बारीक भेगा पडतात. आणि फडकं पिळायचं ते बाहेर. आतच वाळत टाकलं तर तेच पाणी पुन्हा हवेत.

ओल्या कोटांचंही तसंच. आम्ही आता ते न्हाणीत टांगतो, तिचं दार लावतो आणि छतातली तिची छोटी खिडकी उघडतो. कुकर लावताना शेगडीच्या वरचं, छतातलं झाकण उघडं ठेवतो आणि शिट्टी झाली की आच अगदी मंद करतो. वाफ घाईने सोडत नाही, आपोआप निवू देतो. भात उघड्या पातेल्यात रटरटत ठेवण्यापेक्षा कुकरच बरा.

गादीकडे माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते आणि खालच्या गार फळीवर तिचं पाणी होतं. फळीला भोकं असावीत किंवा लाकडी पट्ट्या असाव्यात, आणि गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई घालावी. उठल्यावर लगेच अंथरूण नीट करू नका. गादी उभी करा, तिला तासभर वारा लागू द्या. काच पुसली की कोरडी होते, पण गादीत शिरलेली बुरशी जात नाही, आम्हाला ती गादी टाकून द्यावी लागली.

दुकानात ओल शोषणारे डबे मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर ते थोडंफार काम करतात. दोन माणसं झोपलेली असताना त्यांच्यावर विसंबू नये. कॅम्पसाइटवर वीज असेल तर ओल शोषणारं यंत्र लावता येतं, पण थंडीत कॉम्प्रेसरवालं यंत्र मंदावतं, डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओल टिपणाऱ्या पदार्थावर चालणारं, चांगलं चालतं. यापेक्षा आधी एक छोटा आर्द्रतामापक घ्या. साठ टक्क्यांच्या वर काटा गेला की झाकण थोडं आणखी उघडायचं, एवढं तो सांगतो आणि तेवढं पुरतं.

हे ऐकणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातलेही श्रोते असतील. आपल्याकडे २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अशा गाड्यांबद्दल लोक मला आता आवर्जून विचारतात. महाबळेश्वरला डिसेंबरात जाणार असाल तर मी सांगितलेलं सगळं लागू पडेल. जुलैत जाणार असाल तर नाही. तिथे बाहेरची हवाच वाफेने भरलेली, खिडकी उघडून गाडी कोरडी होणार नाही. तिथे एसी लावावा. एसी हवा गार करता करता तिच्यातलं पाणीही काढून घेतो, त्याच्या नळीतून टपकणारं पाणी ते हेच.

गेल्या एप्रिलमध्ये आई आमच्याकडे आली होती. तिला स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर नेलं. बाहेर सहा अंश आणि रात्रभर पाऊस. मध्यरात्री मला जाग आली तर आई उठून छताचं झाकण चाचपडत होती. "पाऊस येतोय गं, हे उघडंच राहिलंय," ती म्हणाली. मी तिला कुजबुजत सगळा हिशेब सांगितला, सहा ग्रॅम, पंधरा ग्रॅम. तिला तो पटला नसावा, पण ती झोपली.

सकाळी उठल्यावर तिने आधी आपल्या उशाजवळच्या काचेवर बोट ओढून पाहिलं. मग गादीचा कोपरा उचलून खाली तळवा फिरवला. बोट कोरडं, तळवा कोरडा. ती काही बोलली नाही. चहाचं आधण ठेवलं, आणि पाण्याला वाफ यायला लागली तशी हात वर करून तिने स्वतःच ते झाकण आणखी थोडं उघडलं.