दहा सेकंद जोर लावा

नमस्कार श्रोतेहो. हाताला मुंग्या येतात, बधिरपणाने रात्री जाग येते, आणि डॉक्टर म्हणतात, "एनसीव्ही, ईएमजी करून घ्या." म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो आणि स्नायू कसा प्रतिसाद देतो, याची तपासणी. झालं, पोटात गोळा! करंट देणार, सुया टोचणार. करंट थोडाच असतो, पण सुई टोचते, खोटं कशाला सांगू?

ही तपासणी ज्यांच्या हातून घडत गेली, त्यांतले एक अमेरिकेच्या मेयो क्लिनिकचे डॉ. एडवर्ड लॅम्बर्ट. मुळात शरीरक्रियाशास्त्राचे माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं काम होतं लढाऊ वैमानिकांवर. विमान सूर मारून झपकन वर आलं की डोक्यातलं रक्त खाली उतरतं, डोळ्यांपुढे अंधार येतो. तो टाळायचा कसा, हे मेयोतले संशोधक माणसांना मोठ्या चक्रात गरगर फिरवून तपासत होते. युद्ध संपलं आणि लॅम्बर्ट नसा-स्नायूंकडे वळले, ते कायमचेच.

1956 साली त्यांनी ईटन आणि रूक या सहकाऱ्यांसोबत काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मांड्यांत बळ नाही, जिना चढवत नाही. वरवर पाहता मायस्थेनियाच, म्हणजे नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोचल्याने अशक्तपणा आणणारा आजार. मायस्थेनियात नसेला सावकाश, पुन्हा पुन्हा शॉक दिले की स्नायूचा प्रतिसाद घटत जातो. इथे पहिलाच प्रतिसाद चिमुकला. पण रुग्णाने काही सेकंद स्नायू जोरात आवळला आणि लगेच शॉक दिला, की तोच आलेख कित्येक पट उंच! जोर लावल्यावर नसेच्या टोकाशी कॅल्शियम साठतं आणि अडलेला संदेश तात्पुरता पुढे जातो, हा उलगडा पुढे झाला. अशा अनेक रुग्णांच्या फुप्फुसात कर्करोग दडलेला असतो. कधी कधी तो सापडतो तोच या अशक्तपणाच्या मागावर. मला तर हे सगळ्यात विलक्षण वाटतं: तपासायची मांडी आणि सापडायचं छातीतलं दुखणं!

या आजाराला आज लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम म्हणतात. लॅम्बर्ट 2003 साली वारले. तंत्रज्ञाने "दहा सेकंद जोर लावा" म्हटलं, तर आता कारण तुम्हाला ठाऊक आहे.

आणि हो, तपासणीला जाताना हातापायांना तेल, क्रीम लावू नका. पेसमेकर असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. थंडीत हात गारठले असतील तर ऊब द्यायला सांगा. गार नसेतून संदेश हळू जातो, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर नसता आजार उमटतो.