पहिल्यावरून थेट चौथा

आत्ता चहाच्या वेळी एकानं मला विचारलं, ‘सर, दोनशे घोड्यांची मॅन्युअल गाडी घ्यायची आणि वर अ‍ॅव्हरेज विचारायचं, हे जरा विनोदी नाही का?’ विनोदी आहेच. पण अमेरिकेत हा विनोद खुद्द कारखान्यानंच केलाय.

१९७८ च्या कायद्यानं तिथे पेट्रोल ढोसणाऱ्या मोटारींवर कर बसवला. आजची त्याची रेषा गॅलनला २२.५ मैल, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साधारण साडेनऊ किलोमीटर. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटला १९८९ मध्ये सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळाला, आणि त्या करातून सुटण्यासाठी त्याच्यासोबत एक खोडीही आली. इंजिन गरम, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका, वेग तासाला पंचवीस-तीस किलोमीटर, अशा वेळी पहिल्यावरून दुसरा टाकायला जावं तर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारा खिळा, गिअरच्या लिव्हरची वाट अडवायचा. लिव्हर जायचा थेट चौथ्यात! पाय जरा जोरात दाबला की अडवणूक होत नसे. तरी मालक वैतागले, आणि तो सोलेनॉइड गप्प करणारी जोडणी बाजारात मिळू लागली.

मला मात्र त्या खोडीमागचं गणित आवडतं. पेट्रोल इंजिनाला जेमतेम उघडलेल्या थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, हवा ओढताना दम लागतो, बारीक स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढावी तसा. तेवढीच ताकद वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला कमी फेऱ्यांवर), थ्रॉटल जास्त उघडून काढली तर ही ओढाताणही कमी आणि घर्षणही कमी. म्हणून ‘पेडलला हळूच पाय लावा’ हा सल्ला अर्धाच खरा. तिसऱ्यात हळूच चालवण्यापेक्षा पाचव्यात थोडं जास्त दाबलेलं परवडतं. त्या कॉर्व्हेटचा सहावा गिअर तर इतका लांब होता, की ताशी शंभरला इंजिन दीड हजार आरपीएमच्याही खाली फिरायचं.

पण याचा अतिरेक नको. आजच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत हजार-बाराशे आरपीएमवर पेडल तळाला नेलंत तर पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो, आणि त्यात पिस्टन फुटू शकतो. गाडी कुंथायला लागली की मुकाट्यानं एक गिअर खाली या.

आता आपला लाडका विषय, खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रल! आपल्याकडे याला पेट्रोल वाचवणं म्हणतात. इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत गिअर असताना पाय पेडलवरून काढला, की आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाच्या संथ फेऱ्यांच्या, बराच वर आरपीएम असेपर्यंत इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं. लांबलचक, सौम्य उतारावर न्यूट्रल कागदावर जिंकेलही. घाटात वेग रोखायचाच असतो, तिथे तो ब्रेक तापवण्यापलीकडे काही करत नाही.

एक्सप्रेसवेवर शंभरऐवजी एकशेवीस गेलात तर हवेचा विरोध ४४ टक्क्यांनी वाढतो. टायरमधली हवा तपासून मिळवलेलं सगळं तिथे उडून जातं.

राहिला पहिल्या रांगेतला प्रश्न: खालचा गिअर टाकताना पेडलला टिचकी मारून आरपीएम जुळवायचे की नाही? माझं ऐकाल तर जुळवा. क्लचला आराम पडतो, गाडी हिसका देत नाही. आणि त्या टिचकीला जे थेंबभर पेट्रोल लागतं, ते मी हिशेबात धरत नाही.