कपाटाचं उघडं दार

नमस्कार श्रोतेहो. काचबिंदू म्हटलं की बरेच जण मोतीबिंदूच समजतात. मोतीबिंदूनं अधू झालेली नजर ऑपरेशननं सुधारते. काचबिंदूत गेलेली परत येत नाही. पुन्हा सांगतो, परत येत नाही. आहे ती फक्त राखता येते.

एक निवृत्त मास्तर माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायला आले. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. डोळ्यांचा दाब 16, अगदी बिनघोर. पण कपाळावर खोक पडलेली.

"अहो, आमची ही वरच्या कपाटाचं दार सताड उघडं टाकते. महिन्यात तिसऱ्यांदा लागलं!"

काकू शेजारीच होत्या. "मी ते कायमच उघडं टाकते. आधी कधी लागलं नव्हतं."

मी बाहुल्या मोठ्या करणारं औषध घालून दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढले. जिथून 10 ते 12 लाख तंतूंची नस मेंदूकडे निघते, तिथे एक फिकट चकती असते आणि चकतीच्या मध्ये खळगा. काचबिंदूत हे तंतू झिजतात आणि खळगा वाढत जातो. मास्तरांचा खळगा खाली पार कडेपर्यंत पोखरत गेलेला, उजव्या डोळ्यात काठावर रक्ताची बारीक रेघ. ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या तपासणीत, दोन्हीकडे तंतूंचा खालचा थर पातळ. आता, डोळ्यात सगळं उलटं: खालचे तंतू वरचं दाखवतात. मग दृष्टिक्षेत्राची तपासणी: नजर समोर ठेवून आजूबाजूला लागणारे बारीक दिवे ओळखायचे. ती झाल्यावर मास्तर म्हणाले, "तुमचं मशीन बिघडलंय. वरच्या बाजूला दिवे लागतच नाहीत."

लागत होते हो. काळा डाग कुणालाच दिसत नाही. मेंदू तिथं ठिगळ लावून मोकळा होतो. दुखत नाही, खुपत नाही.

ओसीटी म्हणजे आवाजाऐवजी प्रकाशानं केलेली सोनोग्राफी. 1991 पासूनचं हे तंत्र. तंतूंचा थर मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतका. तो मायक्रॉनमध्ये मोजतात. नजरेत फरक पडण्याआधीच झीज कळू शकते. रिपोर्टात हिरवा, पिवळा, लाल रंग येतात. हल्ली रंग दिसले की मजकूर कुणी वाचतच नाही, लाल दिसला की लगेच फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना! मोठा मायनस नंबर असला तर निरोगी डोळाही लाल दाखवू शकतो. आणि दाब नॉर्मल, म्हणजे काचबिंदू नाही, असंही नाही. मास्तरांचा 16 होता, लक्षात आहे ना?

मास्तरांचे थेंब सुरू झाले. हा आजार सख्ख्या भावंडांत येऊ शकतो, म्हणून काकूंनी धाकट्या दिरालाही पाठवलं. ते कुरकुरतच आले. "मला स्वच्छ दिसतं, डॉक्टर."

म्हटलं, दादांनाही दिसत होतं. हनुवटी इथं टेकवा.