बांबूच्या टोकावरची तार

(दृश्य : बडोद्याचा दांडिया बाजार, रात्र. ढोल-ताशाचा आवाज.)

गणपतीचं आगमन चाललंय. गुलाल उडतोय, गॅलऱ्यांतून आज्या, मावश्या वाकून बघताहेत. सगळ्यांचे डोळे मूर्तीवर. तुम्ही जरा मूर्तीच्या मागे बघा. ट्रॉलीवर अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा उभा आहे. हातात लांब बांबू, टोकाला आडवी पट्टी आणि तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. तार आली की तो ती बांबूवर झेलतो, उचलून धरतो, मुकुट खालून निघाला की हळूच सोडतो. एक झाली की दुसरी.

त्यातली एखादी टीव्हीची असते, एखादी इंटरनेटची. आणि एखादी विजेची, उघडी. अंधारात, दिव्यांच्या झगमगाटात, कोणती कुठली हे त्याने क्षणात ओळखायचं. कोरड्या बांबूतून वीज सहसा जात नाही. ओल्या बांबूतून जाते. आणि गणपती येतात ते भर पावसाळ्यात.

रस्ता ओलांडणारी कमी दाबाची, म्हणजे घरगुती विजेची, तार जमिनीपासून निदान ५.८ मीटर उंच हवी, ११ हजार व्होल्टची ६.१ मीटर. घरापासून आडवं अंतर १.२ मीटर, म्हणजे चार फूट. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही हेच आकडे होते. पण तार खांबावर बांधली त्या दिवशी बरोबर असलेलं अंतर तसंच राहत नाही. डांबराचे थर चढतात, रस्ता वर येतो. अ‍ॅल्युमिनियमची तार उन्हाळ्यात तापून लांबते आणि खाली झोळ घेते. घरं गॅलरीने, मग खोलीने पुढे सरकतात. सुलतानपुऱ्यात, वाडीत, मांडवीच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांमध्ये, फिरून बघा. वाळत घातलेली साडी आणि तार यांच्यात हातभर जागा उरलेली दिसेल.

२७ एप्रिल २०२२. मराठी माणसाच्या ओळखीच्या तंजावरजवळ, कळिमेडू गावात, देवाचा रथ वळताना वरच्या उच्च दाबाच्या तारेला लागला. ११ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. ही बातमी ऐकून आपल्याकडे किती मंडळांनी आपली मिरवणुकीची वाट पुन्हा चालून पाहिली असेल?

(दृश्य : पावसात भिजलेली गल्ली, रिकामी.)

मी लहान असताना आमच्या गल्लीत वादळात एक तार तुटली. ओल्या रस्त्यावर पडून राहिली. ना ठिणगी, ना आवाज. घरातले दिवे चालू होते, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. थोड्या वेळाने एक गाय त्या बाजूने गेली आणि उभ्या उभ्या कोसळली. शेजारच्या काकांनी ओरडून सगळ्यांना दारातच थांबवलं, म्हणून आम्ही मुलं वाचलो. फोन करूनही बराच वेळ कुणी आलं नाही. गाय तिथेच पडून होती आणि दिवे तसेच चालू.

दिवे चालू कसे, हा प्रश्न मला पुढे कित्येक वर्षं सतावत होता. तार तुटली तर डीपीतला, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या पेटीतला, फ्यूज उडायला नको का?

नाही उडत, आणि सगळं भय त्यातच आहे. फ्यूज उडायला खूप मोठा करंट लागतो. तुटलेली तार माती-डांबरावर पडते, तेव्हा जमिनीत जाणारा करंट अगदी थोडा असतो, चार-पाच अँपिअर, कधी त्याहून कमी. एखाद्या घराने गिझर लावल्यासारखा. डीपीला वाटतं, कुणीतरी पाणी तापवतंय. पण माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट गेला की जिवावर बेतू शकतं. म्हणजे जो करंट फ्यूजला जाणवतही नाही, त्याचा शंभरावा भागही माणसाला पुरतो. तार पडते त्या जागेभोवतीची जमीन पावलागणिक वेगवेगळ्या व्होल्टेजची होते, आणि दोन पायांतून करंट जातो. गाईच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून ती आधी जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात विजेच्या धक्क्याने देशभरात गेलेल्यांची संख्या १२ हजारांच्या वर आहे. ते सगळे काही तुटलेल्या तारेने गेले नाहीत. पण तो आकडा वाचताना मला दर वेळी आमची गल्ली दिसते.

(दृश्य : कापलेल्या केबलचा तुकडा, हातात, जवळून.)

हा ११ हजार व्होल्टच्या केबलचा तुकडा. वजनदार आहे. मधोमध पिळलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. तिच्याभोवती एक्सएलपीई नावाच्या प्लॅस्टिकचं जाड, दुधी रंगाचं कवच. त्यावर तांब्याची पट्टी, मग लोखंडी पट्ट्यांचं चिलखत, वरून काळं आवरण. ही तांब्याची पट्टी आणि हे चिलखत दोन्ही टोकांना जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी जोडलेले असतात. आत कुठे बिघाड झाला की वीज माणसाकडे जायच्या आधी या धातूला भेटते. करंट एकदम प्रचंड वाढतो आणि ब्रेकर पडतो. उघडी तार तुटली तर जिवंत राहू शकते, केबल बिघडली तर बहुतेक वेळा स्वतःच बंद होते. केबल जमिनीखाली घातली की खांब दिसेनासे होतात, गल्ली सुंदर दिसते, फोटो छान येतात, हे सगळं खरं. पण तारा जमिनीखाली न्यायच्या त्या या एका कारणासाठी.

उत्तराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी बडोद्याच्या गच्च्यांवर हेच कारण वेगळ्या रूपात दिसतं. तारेत अडकलेली पतंग काढायला मुलं लोखंडी सळई घेऊन धावतात. दोर तारांना ओढून एकमेकींवर आपटवतो, ठिणग्या पडतात, सगळ्या पोळची लाइट जाते. १४ जानेवारी संपल्यावरही महिनाभर तारांवर दोरे लोंबत असतात आणि पाखरं त्यांत अडकतात.

आता खणायचं कसं? ११ हजार व्होल्टची केबल साधारण ९० सेंटिमीटर खोल जाते, घरगुती दाबाची ७५. खाली वाळू, मग केबल, पुन्हा वाळू, वर विटा किंवा फरशा. उद्या कुणी कुदळ मारली तर ती आधी विटेवर बसावी. कागदावर सोपं आहे. पण जुन्या बडोद्यात त्या ९० सेंटिमीटरमध्ये आधीच पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, गटारं आहेत, आणि कित्येक दशकांपासून गॅसचे पाइपही. पोळ कुठे कुठे इतकी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढायचं. काशीच्या जुन्या गल्ल्यांत हे काम सुमारे १६ चौरस किलोमीटरांत झालं, म्हणजे अशक्य नाही. जिथे खणताच येत नाही, तिथे निदान उघड्या तारा उतरवून इन्सुलेशन असलेली पिळाची केबल खांबांवरून न्यावी. ती पूर्ण उत्तर नाही. पण उघडी तार तशीच ठेवायला ते कारण पुरेसं नाही.

(दृश्य : खड्ड्यात गुडघ्यावर बसलेला जॉइंटर.)

केबलचं आयुष्य याच्या बोटांत आहे. दोन तुकडे जोडताना तो एकेक थर मिलिमीटर मोजून सोलतो, पुसतो आणि पुन्हा पुसतो. घामाचा एक थेंब, धुळीचा एक कण आत राहिला तरी दोन-चार पावसाळ्यांनी तो जॉइंट फुटतो. पाणी शिरलं की प्लॅस्टिकच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक भेगा पसरत जातात. वरची तार तुटली तर दिसते. जमिनीखालचा बिघाड दिसत नाही, म्हणून गाडी आणून केबलमध्ये मोठ्या दाबाचा झटका सोडतात आणि एकजण रस्त्यावर कान लावून ‘धप्प’ आवाज कुठून येतो ते शोधतो. हे काम घाईत, कमी बोलीच्या कंत्राटात होत नाही. माझा आग्रह आहे की जॉइंटरचं प्रशिक्षण आणि त्याची मजुरी केबलच्या किमतीइतक्याच काळजीने ठरवावी.

बडोद्याला आणखी एक गोष्ट विसरता येत नाही : विश्वामित्री. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली. केबल पाण्याखाली निभावते. पण ती जिथे जमिनीतून वर येते तो फुटपाथवरचा लोखंडी डबा निभावत नाही. त्याचा चौथरा पुराच्या खुणेच्या वर हवा. आणि त्याच्या दाराला कुलूप हवं. अर्धवट उघड्या दारातून वायरी बाहेर आलेला असा डबा शाळेच्या वाटेवर असला, तर छतावरचं मरण आपण मुलाच्या गुडघ्याशी आणून ठेवलं.

हे काम करायला लागणारी माणसं याच शहरात आहेत. गुजरात विद्युत मंडळाचं मुख्यालय इथे होतं. केबल आणि ट्रान्सफॉर्मर तपासणारी ‘एर्डा’ ही संस्था १९७४ पासून इथे आहे. इथल्या कारखान्यांतून ट्रान्सफॉर्मर देशभर जातात.

(दृश्य : पुन्हा मिरवणूक. रुंद रस्ता, खांब नाहीत.)

ट्रॉली मोठ्या रस्त्याला लागली. इथे वर आभाळ मोकळं आहे. मुलाने बांबू आडवा ठेवला, मूर्तीच्या पायाशी टेकून बसला, कुणीतरी दिलेलं पाणी प्यायला. पहिल्यांदाच त्याने मान वर करून मूर्तीचा चेहरा पाहिला.

मग वळण आलं. पुढे जुनी गल्ली. तो उठला आणि त्याने बांबू उचलला.