‘राष्ट्रीय’ हे कोठे लिहिले आहे?

(ठाण्यातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित ज्येष्ठ नागरिक, वाचनालयाचे सभासद आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी, आपणा सर्वांना नमस्कार.

वर येण्यापूर्वी मी खालच्या अभ्यासिकेत डोकावलो आणि तिथे बसलेल्या मुलांना एकच प्रश्न विचारला, की भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता. सात-आठ जणांनी एका सुरात ‘हॉकी’ म्हटले. खिडकीजवळच्या एका मुलीने मात्र वहीतून मान वर न करताच ‘कोणताच नाही’ असे उत्तर दिले. तिचे उत्तर बरोबर होते. २०१२ साली माहितीच्या अधिकारात आलेल्या एका अर्जावर, आणि पुन्हा २०२० साली धुळ्यातील एका शिक्षकाच्या अर्जावर, केंद्र सरकारने कळवले आहे की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. हॉकीला तो मान लोकांनी दिला, आणि तो उगाच दिला नाही, कारण १९२८ ते १९५६ या काळात आपल्या संघाने ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदके मिळवली होती. परंतु लोकमान्यता आणि राजमान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आज मला बोलायचे आहे ते या दोहोंमधल्या अंतराविषयी.

कमळाचेही तसेच आहे. राष्ट्रीय फूल म्हणून ते आपण पहिलीपासून घोकतो. पण २०१९ साली राज्यसभेतील एका लेखी उत्तरात सरकारने सांगितले की वाघ आणि मोर यांच्याविषयी अधिसूचना आहे, फुलाविषयी तशी अधिसूचना काढलेली नाही. राष्ट्रभाषेचा प्रश्न तर चहाच्या टपरीवरही भांडण लावणारा. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदानुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे कारभाराची भाषा आहे. आठव्या अनुसूचीत मराठीसह बावीस भाषा आहेत. आणि त्यांपैकी एकीलाही संविधानाने राष्ट्रभाषा म्हटलेले नाही.

आता ज्यांचा दाखला पक्का आहे त्यांच्याकडे वळू. तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन, चक्राला चोवीस आरे. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून २४ जानेवारी १९५० रोजी मान्य झाले आणि त्याच दिवशी राजेंद्र प्रसादांनी ‘वंदे मातरम्’ला तितकाच मान राहील, असे संविधान सभेत जाहीर केले. हे आपणांस पाठ असेल, म्हणून येथे मी अधिक थांबत नाही.

राजमुद्रेपाशी मात्र थांबायला हवे, कारण ती आपण रोज हाताळतो आणि क्वचितच पाहतो. सारनाथ येथे १९०४-०५ च्या उत्खननात अशोकस्तंभाचे शीर्ष सापडले आणि तेथील संग्रहालयात ते आजही पाहता येते. पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह, त्यांच्याखाली गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह हे चार प्राणी, प्रत्येक दोहोंमध्ये एक चक्र, आणि सर्वांत खाली घंटेच्या आकाराचे उलटे कमळ, अशी त्याची रचना आहे. २६ जानेवारी १९५० रोजी हे शीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारताना त्यातले बरेच काही गाळावे लागले. सपाट कागदावर चौथा सिंह दिसूच शकत नाही. पट्टीवरचे हत्ती आणि छोटा सिंह मागे जातात, मधोमध चक्र, उजवीकडे बैल आणि डावीकडे घोडा एवढेच पुरते दिसते. कमळ वगळले गेले. आणि खाली मुंडकोपनिषदातील ‘सत्यमेव जयते’ हे शब्द देवनागरीत आले, जे मूळ स्तंभशीर्षावर नाहीत. मूळ शिल्पात सिंहांच्या माथ्यावर एक मोठे चक्रही होते, त्याचे तुकडे तेवढे हाती लागले. दहा रुपयांच्या नाण्यावर आपण जे पाहतो ते अडीच हजार वर्षांच्या परंपरेचे जसेच्या तसे रूप आहे, असे सांगणारे वक्ते मी ऐकले आहेत. अशोक होऊन गेला त्याला सव्वादोन हजारांच्या वर वर्षे झाली हे खरे, पण मुद्रा ही विसाव्या शतकात विचारपूर्वक केलेली निवड आहे, आणि मला तिचे मोल त्यामुळेच अधिक वाटते.

निवड म्हटली की वाद आलाच. मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी झाला, तेव्हा आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी माळढोकचा आग्रह धरला होता. मोर देखणा आहे, पुराणांत आहे, पैठणीच्या पदरावर आहे. त्याला सरकारी शिक्क्याची गरज नव्हती. माळढोकला होती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आज तो दिसणे म्हणजे भाग्य म्हणावे लागते. वाघाच्या बाबतीत हीच दृष्टी कामाला आली: सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिंहाच्या जागी वाघ राष्ट्रीय प्राणी झाला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला.

आता अशा एका राष्ट्रीय गोष्टीविषयी बोलतो, जिचा दाखला निःसंशय आहे, आणि तरीही ती कोणाच्या लक्षात नाही. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘भारतीय सौर’ असे काही छापलेले असते. तेच आपले राष्ट्रीय पंचांग. स्वातंत्र्यानंतर देशभर वेगवेगळी पंचांगे चालत होती, म्हणून १९५२ साली खगोलभौतिकीचे शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९, या दिवसापासून ही कालगणना राजपत्रात आणि आकाशवाणीच्या बातम्यांत वापरात आली. गंमत अशी की शक आपलाच आहे, महिन्यांची नावेही बहुतेक आपलीच आहेत, पण गुढीपाडवा त्यात बसत नाही. आपले घरचे पंचांग चंद्रावर चालते आणि अधिक महिन्याने सूर्याशी जुळवून घेते; राष्ट्रीय पंचांग शुद्ध सौर आहे आणि त्याचे वर्ष वसंतसंपाताच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाच्या) दुसऱ्या दिवशी, २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला सुरू होते. चैत्र तीस दिवसांचा (लीप वर्षी एकतीस), वैशाख ते भाद्रपद एकतीस-एकतीस दिवसांचे आणि उरलेले महिने तीस दिवसांचे. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या महिन्यांना जास्त दिवस कशासाठी? जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तिची गती मंदावते, त्यामुळे वसंतसंपात ते शरदसंपात (सप्टेंबरमधला तसाच दिवस) हा प्रवास सुमारे १८६ दिवसांचा होतो आणि परतीचा त्याहून आठवडाभर कमी. महिन्यांचे दिवस त्या हिशेबाने वाटले आहेत.

परिणामी या पंचांगात स्वातंत्र्यदिन दर वर्षी २४ श्रावण, प्रजासत्ताक दिन ६ माघ आणि आपला महाराष्ट्र दिन ११ वैशाख असतो. इतकी सुटसुटीत व्यवस्था असूनही आपल्यापैकी कोणी मुलाचा वाढदिवस सौर तिथीने करत नाही. मीही करत नाही. सरकारी निर्णयाने कालगणना लागू करता येते. पण सण ठरवायला आजी पंचांगच उघडते.

राज्याच्या प्रतीकांविषयी दोनच शब्द. शेकरू हा प्राणी, हरियाल हा पक्षी, ताम्हण हे फूल आणि आंबा हा वृक्ष ही जुनी मंडळी तुम्हांला ठाऊक आहेत. २०२० साली त्यांत पांढऱ्या चिप्पीची भर पडली आणि खारफुटीचा राज्यवृक्ष असलेले महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. तो वृक्ष बघायला ठाणेकरांना लांब जायला नको, ऐरोलीच्या बाजूने खाडीत शिरले की झाले. नवी मुंबईच्या चौकाचौकांत रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे पुतळे पाहून तोच राज्यपक्षी असावा, असा समज होणे साहजिक आहे; तो मान हरियालाचा आहे.

शेवटी वास्तूंकडे येतो. गेटवे ऑफ इंडिया आणि इंडिया गेट यांची गल्लत परीक्षेत हमखास होते. पहिली वास्तू मुंबईची, वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची, ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झालेली. दुसरी दिल्लीची, लुटयन्स यांची, १९३१ साली उद्घाटन झालेली आणि पहिल्या महायुद्धासह अन्य लढायांत पडलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी गेटवेच्या कमानीतून बाहेर पडली. इतका इतिहास पाहिलेली ही कमान राष्ट्रीय स्मारक असणारच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांच्या यादीत नाही. तिचे संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे.

याउलट, कर्जतच्या गाडीने रोज जाणाऱ्यांपैकी कित्येकांनी आत पाऊल न ठेवलेले अंबरनाथचे शिवमंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याने ‘राष्ट्रीय महत्त्वाचे’ म्हणून संरक्षित केले आहे. ते शिलाहारांच्या काळातले. श्रीस्थानक, म्हणजे आपले हे ठाणे, हे त्याच शिलाहारांचे महत्त्वाचे नगर होते. मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पे सावकाश पाहायची असतील तर सकाळचे ऊन चांगले. तेथील शिलालेखात काळ दिला आहे तो शके ९८२. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०६० येते.